खाण्याच्या सवयी बदलायच्यात? मग ताटाआधी डोक्याकडे बघा

काय खावं हे आपल्याला माहीत नसतं असं खूप कमी वेळा होतं. भाज्या-फळं जास्त, साखर-मीठ कमी, पोट भरलं की थांबायचं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. आणि तरी रात्री साडेदहाला आपण स्वयंपाकघरात उभं राहून डब्यात हात घालतोच, भूक नसताना, आणि मग झोपताना स्वतःलाच बोल लावतो की माझ्यात विलपॉवरच नाही. हे बोल लावणं मला मनापासून खटकतं, कारण त्यात माणूस विनाकारण खचतो आणि पुढचे सहा महिने प्रयत्नच सोडून देतो.

पास्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये आधीच्या ढीगभर अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला होता, त्यात लोकांच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण २८ टक्केच त्यांच्या इराद्यावरून सांगता येत होता. उरलेलं सगळं दुसरीकडून येतं, म्हणजे सवय, वेळ, समोर काय ठेवलंय, बरोबर कोण आहे, झोप झालीय का, असल्या गोष्टींतून. हा लेख त्या उरलेल्या भागाबद्दल आहे. ज्यांनी या विषयावर आधी काहीच वाचलेलं नाही आणि सुरुवात कुठून करायची कळत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. डाएट प्लॅन यात नाहीये, काय खायचं ते तुमचं तुम्ही किंवा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पायरी १: एक आठवडा फक्त बघा, काहीही बदलू नका

सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात, सोमवारपासून सगळं बंद म्हणतात आणि गुरुवारी सोडतात. तर पहिला आठवडा नेहमीसारखंच खायचं, फक्त लिहून ठेवायचं. वही, फोन, काहीही चालेल. कॅलरी मोजायच्या नाहीत. प्रत्येक वेळी एवढंच लिहा: किती वाजता, कुठे बसून (की उभं राहून), बरोबर कोण होतं, खाण्याआधी पाच मिनिटं काय चाललं होतं, आणि भूक शून्य ते दहामध्ये किती होती. काय खाल्लं ते दोन शब्दांत.

लगेच लिहा, रात्री आठवून नको. आठवणीवर इथे अजिबात भरवसा ठेवता येत नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात अशी माणसं होती की जी म्हणायची आम्ही खातो इतकं कमी तरी वजन उतरत नाही. त्यांचं खरं खाणं शास्त्रीय पद्धतीने मोजलं तेव्हा कळलं की त्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षातल्या जवळपास निम्मंच होतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती हे लक्षात घ्या, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. चालता चालता तोंडात टाकलेलं, दुसऱ्याच्या ताटातलं उरलेलं, स्वयंपाक करताना चाखलेलं हे डोक्यात खाणं म्हणून नोंदलंच जात नाही. लिहायचा कंटाळा असेल तर फोटो काढा, पण खाण्याआधी काढा.

अजून एक, लिहायला लागलं की खाणं आपोआप थोडं बदलतं. बदलू द्या. स्वतःवर नजर ठेवणं हेच वागणूक बदलायच्या तंत्रांमधलं सगळ्यात उपयोगी तंत्र आहे असं सुझन मिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००९ मध्ये खाणं आणि व्यायाम यांवरच्या शंभरावर प्रयोगांचा आढावा घेताना दिसलं होतं. फक्त "आज वाईट खाल्लं" "आज चांगली वागले" असले शेरे वहीत लिहू नका, कारण शेरे सुरू झाले की वाईट दिवशी वही उघडावीशीच वाटत नाही आणि आपल्याला नेमके तेच दिवस बघायचे असतात.

पायरी २: आठवड्याची वही वाचा आणि कारणं शोधा

आता वही घेऊन निवांत बसा. प्रत्येक नोंदीसमोर विचारा, हे मी का खाल्लं? "भूक लागली म्हणून" हे उत्तर वाटतं त्यापेक्षा कमी वेळा खरं निघतं.

याबद्दल पॉल रोझिन यांचा १९९८ चा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. मेंदूला इजा झाल्यामुळे नवीन आठवणी टिकत नाहीत असे दोन पेशंट होते. त्यांना दुपारचं जेवण दिलं, ते जेवले, ताट उचललं, आणि १० ते ३० मिनिटांनी पुन्हा जेवण समोर ठेवलं. ते पुन्हा जेवले. बहुतेक वेळा तिसरंही जेवण घ्यायला ते तयार होते. पोट भरलेलं होतं पण आत्ताच जेवलोय ही आठवण नव्हती. म्हणजे "मला आत्ता खायला हवं का" याचं उत्तर नुसतं पोट देत नाही, आठवणही देते. टीव्ही किंवा फोन बघत जेवलं की त्या वेळी तर जास्त खाल्लं जातंच, पण त्यानंतरच्या खाण्यातही वाढ होते असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, आणि त्यामागे हेच एक कारण सांगतात, की लक्षच नव्हतं तर आठवण कुठून बनणार.

कारणं शोधताना एक तयार यादी कामाला येते. १९९५ मध्ये अँड्र्यू स्टेपटो, टेसा पोलार्ड आणि जेन वॉर्डल यांनी लंडनमध्ये ३६ विधानांची एक प्रश्नावली तयार केली, लोक अन्न कशावरून निवडतात ते मोजायला. त्यातून नऊ कारणं निघाली: आरोग्य, मूड, सोय, चव-वास-रूप, पदार्थ किती नैसर्गिक आहे, किंमत, वजनावर ताबा, ओळखीचं असणं, आणि नैतिक विचार. तुमच्या वहीतल्या नोंदींसमोर यातलं एकेक लिहून बघा. माझा अंदाज आहे की "सोय" आणि "मूड" सारखे सारखे येतील आणि "आरोग्य" फार कमी, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही कारण थकलेला माणूस संध्याकाळी सोयच बघणार. पण यातून कामाचं काय कळतं, तर सोयीमुळे बिघडलेली गोष्ट आरोग्याची माहिती वाचून सुधारत नाही, ती सोय बदलूनच सुधारते. मूडमुळे खात असाल तर साखरेचे तोटे वाचून काय होणार, तिथे मूडचंच काहीतरी करावं लागेल.

मूडवरून आठवलं, वहीत "आधी पाच मिनिटं काय चाललं होतं" या रकान्याकडे नीट बघा. ऑफिसचा कॉल, भांडण, कंटाळा, एकटं असणं, एखादं काम संपवल्याचा सुटकेचा श्वास. हो, शेवटचंही, लोक फक्त दुःखातच खातात असं नाहीये, सुटल्यासारखं वाटलं की पण खातात. साध्या भुकेची एक ओळख अशी, की ती हळूहळू वाढते आणि तेव्हा काहीही चाललं असतं, साधं जेवणसुद्धा. एकदम उठलेली आणि एकच ठराविक गोष्ट मागणारी ओढ बहुतेक वेळा दुसऱ्या कशाची तरी असते. हा काही पक्का नियम नाही पण सुरुवातीला ओळखायला उपयोगी पडतो.

पायरी ३: एकच जागा निवडा

वहीत दहा गोष्टी दिसतील. नऊ सोडा. खरंच सोडा, नंतर घेता येतात.

निवडायची कोणती? जी जवळपास रोज घडते, जी एका ठराविक वेळी किंवा जागी घडते, आणि जी बदलणं तुमच्या हातात आहे. "हेल्दी खाईन" ही निवड नाही कारण ती कधी झाली आणि कधी नाही हे सांगताच येत नाही. "दुपारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी फळ" ही निवड आहे. आणि ती इतकी छोटी हवी की आजारी, चिडलेल्या, उशीर झालेल्या दिवशीसुद्धा जमेल. छोटी गोष्ट निवडताना लोकांना कमीपणा वाटतो, एवढ्याने काय होणार म्हणतात, पण आत्ता आपल्याला वजन उतरवायचं नाहीये, सवय कशी लागते ते शिकायचंय.

निवडल्यावर तीन प्रश्न विचारा. मला हे जमतं का (म्हणजे माहिती, कौशल्य)? तशी संधी आहे का (वेळ, पैसा, वस्तू घरात आहे का, बाकीच्यांची साथ)? मला हे हवंय का? मिकी यांनी २०११ मध्ये मांडलेल्या एका प्रसिद्ध मॉडेलचा गाभा हाच आहे, क्षमता, संधी आणि प्रेरणा, तिन्ही असल्याशिवाय वागणूक घडत नाही. आपण सगळा दोष प्रेरणेला देतो आणि बहुतेक वेळा अडलेलं असतं ते संधीपाशी. फळ घरात कापून ठेवलेलं नसेल तर प्रेरणा घेऊन करायचं काय!

पायरी ४: जर-तरचं एक वाक्य लिहा

हे फुकट आहे, दोन मिनिटांचं आहे आणि याच्यामागे पुरावा भरपूर आहे, म्हणून कृपया हे टाळू नका. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी ९० च्या दशकात हे पुढे आणलं. नुसतं "मी अमुक करीन" म्हणण्याऐवजी वाक्य असं करायचं: जर अमुक प्रसंग आला, तर मी तमुक करीन. २००६ मध्ये त्यांनी आणि शीरन यांनी मिळून ९४ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा असं वाक्य ठरवणाऱ्यांचं उद्दिष्ट गाठण्याचं प्रमाण नुसता इरादा असणाऱ्यांपेक्षा चांगलंच वाढलेलं दिसलं, मध्यम ते मोठा फरक.

हे का चालतं, तर निर्णय आधीच झालेला असतो. त्या क्षणी विचार करायला जागा उरत नाही, प्रसंग दिसला की कृती आठवते.

वाक्य लिहिताना "जर" मधला प्रसंग डोळ्याला दिसेल असा ठेवा. "जर मला खावंसं वाटलं" हे फार ढोबळ झालं. "जर रात्रीची भांडी आवरून झाली आणि मी पुन्हा फ्रीज उघडला" हे बरं. आणि "तर" मध्ये काय करणार ते लिहा, काय करणार नाही ते नको. "तर मी खाणार नाही" असं लिहिलं की डोक्यात पुन्हा खाणंच घोळतं. "तर मी पाण्याची बाटली भरून खोलीत जाईन" असं लिहा. एका वेळी एकच वाक्य, दोन-तीन आठवडे. कागदावर लिहून जिथे प्रसंग घडतो तिथेच चिकटवलं तर अजून चांगलं.

पायरी ५: विलपॉवरचा नाद सोडा, वस्तू हलवा

विलपॉवर हा टाकीतल्या पेट्रोलसारखा साठा आहे आणि वापरला की संपतो असं तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. १९९८ मध्ये रॉय बाउमाइस्टर यांचा प्रयोग गाजला होता, भुकेल्या विद्यार्थ्यांसमोर ताज्या चॉकलेट कुकीज ठेवून काहींना फक्त मुळे खायला लावले, आणि मग न सुटणारं कोडं दिलं तर मुळेवाल्यांनी लवकर सोडलं. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २००० हून जास्त लोकांवर याच कल्पनेची एका ठरवलेल्या पद्धतीने पुन्हा चाचणी घेतली आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे "दिवसभरात माझी विलपॉवर संपते म्हणून रात्री खातो" हे स्पष्टीकरण जरा जपूनच वापरा.

त्यापेक्षा कामाची गोष्ट जर्मनीतल्या एका अभ्यासात दिसली. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २०५ प्रौढ माणसांना आठवडाभर बीपर दिले आणि मधून मधून विचारलं, आत्ता कसली इच्छा होतेय, तिच्याशी झगडताय का. ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला होता ती माणसं मोहाशी जास्त झगडत असतील असं आपल्याला वाटतं ना, पण त्यांना झगडावंच कमी लागत होतं. मोहाचे प्रसंग त्यांच्या दिवसात कमी येत होते. हे वाचल्यापासून मी कुणालाही "कंट्रोल ठेव" असा सल्ला देत नाही, "डबा कुठे ठेवतोस" एवढं विचारतो.

तर वस्तू हलवायच्या. जे कमी खायचंय ते डोळ्यांआड, उंच, बंद डब्यात, किंवा घरातच कमी आणायचं. जे जास्त खायचंय ते समोर, धुऊन, कापून, हात लावला की तोंडात जाईल असं. मोठ्या पाकिटातून थेट खायचं नाही, वाटीत काढून पाकीट जागेवर ठेवून मग बसायचं. वाढतानाच थोडं कमी वाढायचं आणि हवं तर पुन्हा घ्यायचं. मोठा पोर्शन, मोठं पाकीट किंवा मोठं भांडं समोर असलं की माणूस जास्त खातो, हे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ७२ अभ्यास तपासून मांडलेलं आहे, आणि विशेष म्हणजे हे बारीक-जाड सगळ्यांच्या बाबतीत होतं.

इथे नवीन वाचकांना एक इशारा द्यायलाच हवा. या विषयात ऑनलाइन जे सुरस आणि चमत्कारिक किस्से फिरतात त्यातले खूपसे कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉन्सिंक यांच्या कामातून आलेले आहेत. २०१८ मध्ये त्यांच्याच विद्यापीठाने त्यांना संशोधनातल्या गैरवर्तनासाठी दोषी ठरवलं आणि त्यांचे डझनाहून जास्त शोधनिबंध मागे घेतले गेलेत. त्यामुळे "अमुक रंगाची प्लेट घ्या आणि वजन उतरवा" छापाचं काही दिसलं की लगेच विश्वास ठेवू नका. वस्तूंची मांडणी बदलून फरक पडतो, पण जादू होत नाही.

आता पदार्थ कसला आहे याकडेही बघू. २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० माणसांना चार आठवडे तिथेच राहायला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, फॅट, फायबर, मीठ सारखंच जुळवलेलं, आणि हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वाढली, साध्या अन्नावर तेवढीच उतरली. ती खातही भराभर होती. दोन्ही वेळा माणसं तीच होती, म्हणजे त्यांचा स्वभाव काही दोन आठवड्यांत बदलला नव्हता. हे आकडे मी मुद्दाम देतोय कारण स्वतःला लोभी, हावरट म्हणवून घेणाऱ्या सगळ्यांनी ते एकदा शांतपणे वाचावेत असं मला वाटतं.

पायरी ६: निर्णयाची वेळ बदला

भुकेल्या पोटी खरेदी करू नका हे सगळे सांगतात, थोडं पुढे जाऊ. १९९८ मध्ये डॅनियल रीड आणि बार्बरा व्हॅन लीउवेन यांनी अॅमस्टरडॅममध्ये ऑफिसातल्या लोकांना विचारलं, पुढच्या आठवड्यात अमुक वेळी तुम्हाला कोणता स्नॅक देऊ? बऱ्याच जणांनी फळासारखं काहीतरी निवडलं. आठवड्याने तो द्यायची वेळ आली तेव्हा पुन्हा निवडायची संधी दिली, तर खूप जण चॉकलेट-चिप्सकडे वळले. म्हणजे लांबचा निर्णय आपण डोक्याने घेतो आणि आत्ताचा जिभेने. मग उपाय सरळ आहे, निर्णय लांबून घ्या आणि तो बदलायला त्रास होईल अशी सोय करा. उद्याचा डबा आज जेवण झाल्यावर भरा, पोट भरलेलं असताना. आठवड्याची यादी सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर करा. बाहेर जाणार असाल तर काय मागवायचं ते घरूनच ठरवून जा.

आणि झोप. शिकागोमध्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० प्रौढांपैकी निम्म्यांना झोप वाढवायला मदत केली. त्यांची झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि बाकीच्यांच्या तुलनेत खाणं रोज साधारण २७० कॅलरींनी कमी झालं, खाण्याबद्दल त्यांना काही सांगितलेलं नसताना. त्यामुळे वहीत रात्रीचं खाणं फार दिसत असेल तर तुमची पहिली "एक जागा" कदाचित झोपायची वेळ असेल.

पायरी ७: कशावरही कायमची बंदी घालू नका

(डॉक्टरांनी अॅलर्जी, डायबेटिस किंवा दुसऱ्या आजारासाठी सांगितलेलं पथ्य वेगळं, ते पाळायचंच.)

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना परत जेवतं कसं करायचं ते समजून घ्यायला, आणि हे तरुण स्वतःहून आले होते. २४ आठवडे त्यांना जवळपास निम्मं खाणं दिलं, वजन पाव हिश्श्याने उतरलं. पण त्यांच्या डोक्याचं काय झालं ते बघा: दिवसभर अन्नाचेच विचार, पाककृतींची पुस्तकं गोळा करणं, ताट चाटणं, एकेक घास तासन् तास पुरवणं, चिडचिड, उदासी. पोटभर खायला मिळायला लागल्यावरही कित्येक आठवडे काही जणांचं समाधानच होत नव्हतं, खातच राहायचे. निवडताना शरीराने आणि मनाने धडधाकट बघूनच घेतलेली मुलं होती ही. तेव्हा कडक डाएटच्या दहाव्या दिवशी तुम्हाला सतत खाणंच दिसत असेल तर तुमच्यात काही बिघाड नाहीये, तुमचं शरीर त्याचं काम करतंय.

दुसरा प्रयोग १९७५ चा, पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा. आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर आइस्क्रीम चाखायला ठेवलं, हवं तेवढं. जे डाएटवर नव्हते त्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्लं. जे डाएटवर होते त्यांनी उलट जास्त खाल्लं. आता मोडलंच ना, मग आज काय उरलं, उद्यापासून बघू. हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलेलं आहे. नियम जितका काटेकोर तितका तो एका घासात मोडतो, आणि एकदा मोडला की थांबायला काही कारणच उरत नाही.

म्हणून नियम असे ठेवा की ज्यांना मोडता येत नाही. "गोड बंद" ऐवजी "गोड जेवणाबरोबर, बसून, वाटीत घेऊन". "बाहेरचं बंद" ऐवजी "बाहेरचं खाल्लं तरी पुढचं जेवण नेहमीसारखंच". हा दुसरा नियम तर मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण लोक जास्त खाल्ल्याची भरपाई म्हणून पुढचं जेवण टाळतात आणि संध्याकाळी परत भुकेने वेडे होतात.

आणि तरी घसरलात तर? घसरणारच, सगळेच घसरतात. २००७ मध्ये क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी विद्यार्थिनींना डोनट खायला दिलं आणि मग काही जणींना एवढंच सांगितलं की असं सगळेच खातात, स्वतःवर फार कडक होऊ नका. डाएटचं दडपण असलेल्या मुलींपैकी ज्यांना हे सांगितलं त्यांनी नंतर समोर ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटांतलं बाकीच्यांपेक्षा कमी खाल्लं. स्वतःला माफ केलं की माणूस अजून सैल सुटेल ही आपली भीती, आणि झालं नेमकं उलट. तेव्हा घसरल्यावर वही उघडा, पायरी १ सारखी एक नोंद करा (वेळ, जागा, आधी काय झालं), जर-तरचं वाक्य त्या प्रसंगात का चाललं नाही ते बघा, आणि वाक्य बदला. शिक्षा नाही, जादा व्यायाम नाही, उपास नाही.

घरातली माणसं आणि मुलं

एकट्याने सवय बदलणं अवघड, कारण आपण बरोबरच्यांचं बघून खातो, ओळखीच्या माणसांत बसलं की एकट्यापेक्षा जास्तच खाल्लं जातं. घरच्यांना भाषण देऊ नका. एकच ठोस मदत मागा, म्हणजे "रात्री मला आग्रह करू नका" किंवा "तो डबा वरच्या फळीवर ठेवा". प्रेमाने होणारा आग्रह हा सगळ्यात अवघड असतो, त्याला वाद घालून उत्तर देता येत नाही, तर "आत्ता पोट भरलंय, उद्या नक्की घेते" असं काहीतरी आधीच ठरवून ठेवा.

मुलांच्या बाबतीत मात्र जरा थांबून वाचा. लीअॅन बर्च यांनी कित्येक वर्षं लहान मुलांच्या खाण्याचा अभ्यास केला आणि त्यातून दिसलेल्या गोष्टी आपल्या सहज प्रवृत्तीच्या उलट्या आहेत. नवीन चव मुलाला आवडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा ती चाखायला लागते, आणि आपण तीन-चार वेळांत "त्याला आवडतच नाही" म्हणून सोडून देतो. "भाजी खाल्लीस तर गोड देईन" म्हटलं की भाजी अजूनच नावडती होते, कारण जिच्यासाठी लाच द्यावी लागते ती वाईटच असणार असं मूल समजतं. आणि एखादा खाऊ समोर दिसतोय पण मिळत नाही असं ठेवलं की त्याचीच ओढ वाढते. मग करायचं काय, तर थोडंसं वाढायचं, जबरदस्ती नाही, कौतुकाचा पाऊस नाही, स्वतः समोर बसून तेच खायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढायचं. याला धीर लागतो, दमलेल्या आईबापांकडून तो दर वेळी राहणार नाही, काही हरकत नाही, जमेल तेव्हा करा.

किती दिवस लागतील?

२१ दिवस हा आकडा सगळीकडे असतो, तो विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक छोटी गोष्ट करायला लावली, कुणी जेवणाबरोबर फळ, कुणी पाणी, कुणी व्यायाम. २०१० मध्ये हा निबंध छापून आला. सवय आपोआप होण्याच्या टप्प्यावर यायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. व्यायामाला खाण्या-पिण्याच्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नव्हता. म्हणून साधारण दोन-अडीच महिने एकाच जागेला द्या. ती गोष्ट न आठवता व्हायला लागली, म्हणजे न केल्यावरच चुकल्यासारखं वाटायला लागलं, की वहीतली दुसरी जागा घ्या आणि पायरी ४ पासून पुन्हा सुरू करा. त्या आधी दर पंधरा दिवसांनी दोन दिवस वही लिहा, बाकी दिवस नाही लिहिलं तरी चालेल.

वजन रोज बघू नका असं मी सांगणार नाही, काहींना रोज बघून मदत होते आणि काहींचा दिवस त्या एका आकड्याने खराब होतो. तुम्ही कोणते ते आठवड्याभरात कळतं, दुसरे असाल तर काटा उचलून ठेवा.

हे वाचून थांबायचं कधी

वरच्या सगळ्या पायऱ्या साध्या रोजच्या सवयींसाठी आहेत. खाताना आपण थांबूच शकत नाही असं वारंवार होत असेल, लपून खाल्लं जात असेल, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी केली जात असेल किंवा जुलाबाची औषधं घेतली जात असतील, जेवण टाळून वजन झपाट्याने उतरत असेल, पाळी थांबली असेल, किंवा खाण्याच्या आणि शरीराच्या विचारांत दिवसाचे कित्येक तास जात असतील तर वही, नोंदी, वजनकाटा सगळं बाजूला ठेवा. अशा वेळी नोंदी ठेवल्याने त्रास वाढू शकतो. हे इटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी जोडलेले मानसिक आजार असू शकतात, ते कुठल्याही वयात, कुठल्याही वजनाच्या माणसाला आणि पुरुषांनाही होतात, आणि त्यांवर उपचार आहेत. डॉक्टरांकडे किंवा मानसोपचार करणाऱ्यांकडे जा, आणि पहिल्या भेटीत "माझं खाणं माझ्या हातात राहिलेलं नाही" एवढं एक वाक्य म्हटलं तरी पुरतं, पुढचे प्रश्न ते विचारतील. तुमच्या जवळच्या कुणाचं असं दिसत असेल तर त्यांच्या दिसण्यावर किंवा ताटावर काही बोलू नका, "मला तुझी काळजी वाटतेय, आपण दोघं जाऊया का" असं विचारा आणि अपॉइंटमेंट घ्यायला त्यांच्याबरोबर बसा.